दारातली चाळण : नाट्यशिक्षणातील खुला प्रवेश आणि निवड-चाचणी

महाविद्यालयीन नाट्यशिक्षणाचा विचार होतो तेव्हा अभ्यासपत्रिका, संदर्भग्रंथ आणि परीक्षापद्धती यांची चर्चा होते. प्रवेशाची होत नाही. निवड-चाचणी घेऊन मोजक्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या संस्थांतच नाटकाचे खरे शिक्षण मिळते, आणि अर्ज करील त्याला प्रवेश देणारा महाविद्यालयीन अभ्यासक्रम ही दुय्यम सोय होय, हे जणू सिद्धच झाले आहे अशा थाटात आपण बोलत असतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. तिला निमित्तही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवी शिक्षणाची जी चौकट ठरवून दिली, तिच्यात सहअभ्यासक्रमांतर्गत प्रयोगकलांना श्रेयांकांसह जागा मिळाली आहे. पाबळसारख्या गावातील महाविद्यालयातही नाटक हा यापुढे केवळ स्नेहसंमेलनाचा विषय न राहता वेळापत्रकाचा विषय होऊ शकतो. मात्र तो कोणासाठी, हे आधी ठरवावे लागेल.

निवडक संस्थांचे मोठेपण प्रथम नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली झाली. १९७५ मध्ये ते स्वायत्त झाले. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात त्याला जी शिस्त लावली, तिचा ठसा भारतीय रंगभूमीवर आजही दिसतो. तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, तीसच्या आसपास प्रवेश, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, दिवसभर आवाज, शरीर व संहिता यांवरील काम आणि संध्याकाळी तालीम, असे हे शिक्षण आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. १९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच्या नाट्यविभागाला जे स्वरूप आले, त्याच्या मुळाशीही थोडे विद्यार्थी आणि पुष्कळ काम हेच सूत्र होते. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ मधली. पुण्याच्या चित्रपट संस्थेतील अभिनयाचा अभ्यासक्रम १९७० च्या दशकात बंद पडला आणि २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. या सर्व ठिकाणी दारात चाचणी असते, आणि ती असण्याला एक सबळ कारण आहे. नाटक समूहाने शिकण्याची कला आहे. शेजारी उभा असलेला नट जर तयारीचा असेल, तर आपलीही तयारी वाढते. सोबतीची ही गुणवत्ता कोणताही अध्यापक एकट्याने पुरवू शकत नाही.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे आणि सहसा उघडपणे सांगितले जात नाही. रंगभूमीवर पोट भरणाऱ्यांची संख्या अत्यल्प आहे. ज्याला हे जमणार नाही त्याला प्रारंभीच 'नाही' सांगणे हा एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. तीन वर्षे शुल्क घेऊन, पदवी हातात ठेवून, मग बाहेरच्या जगाकडून तेच उत्तर ऐकावयास लावणे हे अधिक निर्दय होय. खुल्या प्रवेशाच्या पुरस्कर्त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. केवळ 'संधीची समानता' हा शब्दप्रयोग उच्चारून तो टळत नाही.

असे असूनही चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी पदवी लागते, हिंदी-इंग्रजीचे कामापुरते ज्ञान लागते, आणि किमान सहा नाट्यप्रयोगांत सहभाग घेतल्याचा पुरावा लागतो. या शेवटच्या अटीकडे आपल्या समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सर्वाधिक निवडक अशी ही संस्था उमेदवाराने तिच्या दारात येण्यापूर्वीच कोठेतरी सहा नाटके केली आहेत असे धरून चालते. ती नाटके कोठे करावयाची? पुण्यातील विद्यार्थ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्याजवळ एखादी हौशी संस्था असते, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात, कार्यशाळा असतात, आणि तालीम संपल्यावर घरी जाण्यासाठी बस असते. पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या पाबळच्या विद्यार्थ्याला शेवटची गाडी पकडावयाची असते. या दोघांची एकाच दिवशी, एकाच परीक्षकापुढे चाचणी घेतली तर परीक्षक नि:पक्षपाती असूनही निकाल नि:पक्षपाती राहत नाही. तो परीक्षक उमेदवारांना आजवर मिळालेल्या संध्यांची बेरीज पाहत असतो आणि तिला 'उपजत गुण' असे नाव देत असतो.

भाषेचेही तेच. शिरूर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातील बोलीत 'ण'चा 'न' होतो. 'पाणी'चे 'पानी' होते. चाचणीसाठी पाठ करून आणलेला स्वगताचा उतारा बहुधा प्रमाण मराठीतला असतो, आणि पहिल्या दोन वाक्यांतच उच्चार 'सदोष' ठरतो. वस्तुत: उच्चार ही चार महिन्यांच्या सरावाने साधणारी गोष्ट आहे. निरीक्षणशक्ती, लय आणि सहनटाकडे कान देण्याची सवय या मात्र सावकाश येणाऱ्या गोष्टी होत. म्हणजे लवकर सुधारणारा दोष चाचणीत ठळकपणे दिसतो आणि दीर्घकाळाने प्रकटणारा गुण झाकलेला राहतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने प्राथमिक चाचणीनंतर काही दिवसांची कार्यशाळा घेऊन अंतिम निवड करण्याची पद्धत ठेवली आहे, ती या मर्यादेची जाण असल्यामुळेच असावी. पण त्या कार्यशाळेपर्यंत पोहोचण्यासाठीही पहिले दार ओलांडावे लागतेच.

निवडक संस्थांच्या समर्थनार्थ त्यांच्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी दिली जाते. हा पुरावा दिसतो तितका बळकट नाही. शेकडोंतून निवडून घेतलेला विद्यार्थी पुढे चमकला, तर त्यातले किती श्रेय शिक्षणाचे आणि किती निवडीचे, हे त्या यादीवरून कळत नाही. आधीच पळणाऱ्याला पळावयास शिकविल्याचा मान घेणे सोपे असते. शिक्षणाचे खरे माप प्रवेशाच्या वेळची अवस्था आणि बाहेर पडतानाची अवस्था यांतील अंतर हे होय. हे माप लावले तर एखाद्या सामान्य महाविद्यालयाने मंचावर पाय ठेवताना थरथरणाऱ्या मुलीला साठ प्रेक्षकांसमोर दहा मिनिटे नीट उभे केले, हेही मोठेच काम ठरेल. अर्थात तिला कोणी पारितोषिक देणार नाही, हा भाग वेगळा.

याच्या उलट टोकाला जाऊन 'नाटकाला शिक्षणच लागत नाही' असे म्हणणाराही एक वर्ग आपल्याकडे आहे. तो बहुधा 'घाशीराम कोतवाल'चा दाखला देतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक रंगमंचावर आणले आणि त्यातूनच १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यांनी दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय केला. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. त्याआधीच्या पिढीतले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. यांपैकी कोणाजवळ नाट्यशास्त्राची पदवी नव्हती, हे खरे. परंतु यावरून चाळण नव्हती असे मात्र सिद्ध होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश, शहरातले घर, मोकळी संध्याकाळ आणि वाचनाचे संस्कार ही चाळण त्यांच्या बाबतीत आधीच लागलेली होती. हौशी रंगभूमीची चाचणी कोणी घेत नसे, कारण ती परिस्थितीने अगोदरच घेतलेली असे. निळू फुले यांच्यासारखे अपवाद आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत असत. पण त्यांच्यामागे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक उभे होते. म्हणजे एक असे ठिकाण, जेथे येण्यासाठी गुणपत्रिका लागत नव्हती आणि आल्यावर काम मात्र भरपूर होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा अपवादच अधिक बोलका आहे.

स्पर्धांनी ही उणीव भरून काढली आहे असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि मराठी रंगभूमीला तिने दिलेले कलावंत मोजता येणार नाहीत. तथापि संघ निवडताना प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत चाचणी होतेच, आणि दरवर्षी तीच चार मुले निवडली जातात. २०२२ मध्ये अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकाही एकांकिकेचा दर्जा करंडकास पात्र नाही असे ठरवून करंडकच दिला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते परीक्षकांनी दर्जाचा आग्रह धरला यात वावगे काही नव्हते. वावगे होते ते हे, की चर्चा निकालाभोवतीच फिरली. ज्या मुलांनी तो दर्जा गाठावा अशी अपेक्षा आहे त्यांना वर्षाचे उरलेले महिने नाटक कोण शिकवते, हे फारसे कोणी विचारले नाही.

वास्तविक मराठी रंगभूमीच्या परंपरेत याहून वेगळी एक प्रवेशपद्धती होती, आणि तिची आठवण या संदर्भात आवश्यक आहे. संगीत नाटक मंडळ्यांत मुलगा दाखल होई तो बहुधा आवाजावर किंवा रूपावर. म्हणजे निवड होतीच. पण आवाज फुटला म्हणून सर्वच बाहेर पडत नसत. कोणी पडदे सांभाळी, कोणी रंगपटात काम करी, कोणी नकला उतरवून घेई, आणि विंगेत उभे राहून वर्षानुवर्षे ऐकलेले नाटक त्याच्या अंगात मुरे. तमाशाच्या फडाचेही असेच. पाबळहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावरील नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी तेथे येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारखी कलावती अशा फडातच घडली. फडात आलेल्याला प्रथम झील धरावी लागते. तंबू, सामान, गाडी यांची कामे करावी लागतात. बतावणीत दोन वाक्ये मिळतात आणि मग पुढचे. दार सैल, पण आतली कसोटी रोजची आणि तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांपुढची. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. फडात कोण यावे हे पुष्कळदा जातीने आणि जन्माने ठरे, त्यातून बाहेर पडणे कठीण असे, आणि स्त्री-कलावंतांनी त्याची जी किंमत मोजली तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. पण चाळण दारात न लावता कामात लावता येते, एवढी गोष्ट ही परंपरा नि:संशय दाखविते.

पाश्चात्त्य देशांत हे दोन मार्ग औपचारिकपणेच वेगळे झाले. अमेरिकेत कार्नेगी संस्थेचा नाट्यविभाग १९१४ मधला. तो व्यवसायासाठी नट घडविणारा. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९४७ मध्ये नाट्यविभाग सुरू केला तो नाटक हा ज्ञानविषय मानून. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये अभिनयाच्या पदवीसाठी वर्षाला अवघे अठ्ठावीस विद्यार्थी घेतात, अल्काझी तेथलेच. अमेरिकन महाविद्यालयांत सर्वसाधारण कला पदवीला नाटक घेणाऱ्यास बहुधा चाचणी द्यावी लागत नाही, तर ललित कलेच्या व्यावसायिक पदवीला ती द्यावी लागते. तेथे विद्यार्थ्याला आपण काय घेत आहोत हे ठाऊक असते. आपल्याकडे गोंधळ असा, की खुल्या पदवीला निवडक संस्थेचा अभ्यासक्रम जोडला जातो आणि तिच्याकडून निवडक संस्थेच्या फलिताची अपेक्षा केली जाते. साधने मात्र दोहोंपैकी कशाचीच नसतात.

महाराष्ट्रात खुल्या मार्गाचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. मराठवाड्यातील काही महाविद्यालयांत नाट्यशास्त्र हा बी.ए.चा ऐच्छिक विषय म्हणून शिकविला जात आला आहे. तत्कालीन औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग कमलाकर सोनटक्के यांनी नावारूपास आणला. ते स्वत: राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे स्नातक. निवडक संस्थेत शिकलेला माणूस पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या प्रदेशात जाऊन विभाग उभारतो, ही घटना या दोन प्रकारांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. मराठवाड्याच्या रंगकर्मींची जी फळी पुढे मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर दिसू लागली, तिच्यामागे या वातावरणाचा वाटा होता.

आता खुल्या अभ्यासक्रमाच्या दोषांविषयी. ते लहान नाहीत, आणि आपण अध्यापकांनीच ते अधिक स्पष्टपणे मांडले पाहिजेत. एक साधे गणित पाहू. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस घड्याळी तास. दोन श्रेयांकांचे साठ तास. वर्गात साठ विद्यार्थी असतील तर एकेकाच्या वाट्याला सत्रभरात एक तास येतो. त्यातून हजेरी, परीक्षा, सुट्ट्या आणि निवडणुकीची कामे वजा केल्यावर काय राहते ते सांगावयास नको. मग सोपा मार्ग निघतो. भरताच्या रससूत्रावर दहा गुणांचा प्रश्न, 'शोकांतिकेची वैशिष्ट्ये' यावर टीप, आणि प्रात्यक्षिकाच्या नावाखाली एक प्रकल्प-वही. विद्यार्थी उत्तीर्ण होतो. त्याने एकदाही प्रकाशझोतात उभे राहून समोरच्या अंधाराकडे पाहिलेले नसते. अशा अभ्यासक्रमाला 'खुला' म्हणणे ही फसवणूक आहे. दार उघडे आहे, पण आत खोलीच नाही. अशा पदवीपेक्षा चाचणी घेऊन दिलेला नकार बरा, असे मी म्हणेन.

तेव्हा खुल्या प्रवेशाचे समर्थन करावयाचे तर ते आत काय घडते यावर उभे राहावे लागेल, आणि त्यासाठी उदाहरण शोधावयास पाबळच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. बाहेरचा माणूस हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे ओळखतो. शिक्षणक्षेत्रातला माणूस विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये येथे हा प्रयोग आरंभिला आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत तो चालविला. शाळेने नापास ठरविलेली, शिक्षण अर्ध्यावर सुटलेली मुले येथे येतात. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या वर्षभराच्या निवासी पदविकेत जोडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे प्रत्यक्ष करून शिकतात, आणि ती कामे गावातल्या खऱ्या गिऱ्हाईकासाठी असतात. हुशार मुले निवडून घ्यावीत आणि मग त्यांना तंत्रज्ञ करावे, हा मार्ग कालबागांनी घेतला नाही. लोखंडाचा जोड पक्का आहे की कच्चा, हे वजन टाकल्यावर आपोआप कळते. परीक्षकाला 'उपजत गुण' शोधावा लागत नाही.

नाटक म्हणजे वेल्डिंग नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. अभिनयाचा जोड पक्का की कच्चा हे इतक्या सहज कळत नाही. परंतु प्रयोगाचा बराच भाग असा आहे की तेथे ते कळते. दिवा वेळेवर लागला की नाही, पायरी नटाचे वजन पेलते की नाही, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला वाक्य ऐकू गेले की नाही, यांची उत्तरे लगेच मिळतात. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, प्रयोग-व्यवस्थापन यांना आपण 'बॅकस्टेज' म्हणून बाजूला सारतो आणि चाचणीत नापास झालेल्यांना तेथे ढकलतो. खुल्या अभ्यासक्रमात हीच कामे पहिल्या सत्रापासून सर्वांना, म्हणजे भावी नायकालाही, सक्तीची हवीत. भूमिका कोणाला द्यावयाची हा निर्णय त्यानंतरचा. तेव्हा अध्यापकाने प्रत्येकाला सहा महिने काम करताना पाहिलेले असेल, आणि त्या आधारे दिलेला सल्ला पाच मिनिटांच्या चाचणीपेक्षा अधिक न्याय्य असेल. 'तुझा कल प्रकाशयोजनेकडे आहे', किंवा अगदी 'हौस म्हणून कर, व्यवसाय म्हणून नको', हेही त्या वेळी सांगता येते. प्रारंभी ज्या प्रामाणिकपणाचा उल्लेख केला, तो येथेही पाळता येतो. फक्त तो पाहून, जोखून पाळला जातो.

आणखी एक बाब आहे, जी विद्यापीठीय चर्चेत क्वचित येते. आपल्या भागातील पुष्कळ घरांतून मुलीला 'नाटकात काम' करण्याची परवानगी मिळत नाही. 'विषय घेतला आहे, गुण मिळतात' असे म्हटले की मिळते. यात्रेतला तमाशा आवडीने पाहणाऱ्या गावात मंचावरील स्त्रीविषयी जो संशय मुरलेला आहे, त्यावर वेळापत्रक हे एक नामी कवच आहे. चाचणी म्हटली की ते गळून पडते, कारण चाचणीला जाणे म्हणजे 'मला नटी व्हायचे आहे' असे जाहीर करणे. ज्या मुलीने हे वाक्य अजून मनातही उच्चारलेले नाही, तिच्यासाठी खुला वर्ग हा एकमेव मार्ग असतो.

या सर्वांसाठी काय लागेल? साठांऐवजी वीस-वीसच्या तुकड्या, आणि त्यानुसार मोजलेला कार्यभार. मराठीच्या अध्यापकाने नाटकाचे तास 'अतिरिक्त' म्हणून घ्यावेत ही अपेक्षा सोडून देणे. निवडक संस्थांतून बाहेर पडलेल्या स्नातकांना एकेका महिन्यासाठी मानधनावर बोलावणे. नाट्यगृह हवेच असे नाही. पत्र्याची शेड, चार दिवे आणि कुलूप नसलेली संध्याकाळ पुरेशी आहे. प्रयोग परीक्षकांपुढे नव्हे तर गावात व्हावा, जेथे न आवडल्यास लोक उठून जातात. महाविद्यालयाने सत्राला एक प्रयोग याप्रमाणे, श्रेयांकांच्या तासिका असोत वा नसोत, तीन वर्षे हे चालविले तर सहा सत्रांत सहा प्रयोग होतील. प्रत्येकाची छापील पत्रिका, तारीख, स्थळ आणि सहभागींची नावे जपून ठेवावीत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज भरताना तेवढीच मागतात.